पायवाट नसलेलं परडं

"पायवाट नको."

"नको म्हणजे? अहो काकू, उद्या खुरपायला बाई लावाल, पाणी घालायला कुणी येईल, तर चालायचं कुठून?"

"चालायचंच नाही."

निकमकाकू मागच्या दाराच्या पायरीवर उभ्या होत्या आणि मी खाली परड्यात. माझ्या हातात सुतळीचा गुंडा होता. मधोमध एक पायवाट, दोन्ही बाजूंना लॉन, कुंपणाला मेंदी, असा सगळा बेत मी चालत येतानाच मनात आखला होता. कोरेगावात माझी नर्सरी सुरू होऊन थोडी वर्षं झाली होती, आणि एवढं मोठं मोकळं परडं पहिल्यांदाच हाती लागत होतं.

"मग करायचं काय एवढ्या जागेत?"

"सदाफुली. या भिंतीपासून त्या कुंपणापर्यंत. कुठंही माती दिसता कामा नये."

"नुसती सदाफुली?"

"हो. बारा महिने हिरवी राहते ना? ऊन असो, पाणी असो नसो?"

"राहते की. थोरल्या सुनेसारखी. कुणी विचारा न विचारा, ती आपली हसतेच."

माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. काकू हसल्या नाहीत. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या.

"द्वारका, चपला काढ."

मला वाटलं, पायरीवर चिखल येतो म्हणून म्हणतात. पण मी पायरीवर नव्हतेच, परड्यात होते. काढल्या. मोठ्या माणसांच्या तऱ्हा असतात, आपल्याला काम हवंय, असं म्हणून गप्प बसले.

"आणि कुदळ लावायची नाही. खुरप्यानं काय होईल ते कर. त्या आवाजाचा मला त्रास होतो."

गौरी-गणपती नुकतेच झाले होते. जमीन ओली होती, रोपं लावायला याहून चांगले दिवस नाहीत. पण अख्खं परडं खुरप्यानं उकरायचं म्हणजे! मी म्हटलं, "काकू, वेळ लागेल हं."

"भाऊबीजेच्या आत व्हायला हवं. जयू येतोय. गवंडी घेऊन."

जयू म्हणजे त्यांचा मुलगा जयसिंग, पुण्याला नोकरीला. त्याला मागं दोन खोल्या काढायच्या होत्या. अण्णा, म्हणजे काकूंचे यजमान, मागच्या हिवाळ्यात गेले होते. आई घरात एकटी, भाडेकरू ठेवला की सोबत होईल, असं त्याचं म्हणणं. त्यात वाईट काही नव्हतं, आणि मी तसं बोललेही.

"पाया खणतील ना," काकू म्हणाल्या. "अख्खं परडं खणतील. उघडी जमीन दिसली की माणसाला काहीतरी बांधावंसं वाटतं. फुललेल्या बागेवर कुदळ मारायला जयूचा हात धजणार नाही. लहानपणापासून तो तसाच आहे. मला फक्त हे परडं वाचवायचंय, द्वारका. बाकी घर-दार त्यानं काय हवं ते करावं."

"भाऊबीजेला येतो म्हणजे, बहिणीकडे नाही जात?"

"त्याला बहीण नाही," काकू म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि हौसा कामाला लागलो. हौसा माझ्याकडे पहिल्यापासूनची. वयानं माझ्या आईएवढी, अंगानं काटक, आणि तोंड माझ्याहून मोठं. दोघी अनवाणी उकिडव्या बसून गवत उपटायचो, माती भुसभुशीत करायचो. नर्सरीतली तळहाताएवढी रोपं आणायची, वीतभर अंतरानं लावायची, शेंडा खुडायचा. शेंडा खुडला की सदाफुली उंच जायचं सोडून आडवी पसरते, शेजारणीच्या अंगावर रेलते, आणि खालची माती झाकून टाकते. शेळ्यामेंढ्या तिला तोंड लावत नाहीत, इतकी कडू.

काकू दिवसभर पायरीवर बसून असायच्या. तांदूळ तिथंच निवडायच्या, भाजी तिथंच चिरायच्या. पण परड्यात पाऊल म्हणून टाकायच्या नाहीत. धुणं गच्चीवर वाळायचं. एकदा वाऱ्यानं त्यांचं नवं कोरं लुगडं गच्चीवरून उडून मधोमध पडलं. मी म्हटलं, या की घ्यायला, इथं साप नाही. तर त्यांनी मलाच आणून द्यायला लावलं, आणि तेही हळूच, पाय जपून टाक म्हणत.

आम्ही दोघी कामात बडबड करणाऱ्या. हौसा सुनेची गाऱ्हाणी सांगायला लागली की तिचा आवाज पार स्टँडापर्यंत जायचा. एकदा ती अशीच हसली मोठ्यानं, तर पायरीवरून काकू म्हणाल्या, "हळू गं. उठेल."

हौसानं माझ्याकडे बघितलं. मी घराकडे बघितलं. घरात काकूंशिवाय माणूस नव्हतं.

"कोण उठेल, काकू?"

काकूंनी तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. "काही नाही. तुमचं चालू द्या."

त्या दिवशी घरी जाताना हौसा म्हणाली, "बया, ह्या घरात कायतरी हाय. म्हातारी नुसती बघत न्हाई, कान लावून बसती."

"एकटीला करमत नाही तिला, दुसरं काय!"

"तसं न्हवं. तुला सांगते द्वारका, तान्ह्या पोराची आई बसती तशी बसती ती. पाळण्याच्या दोरीला हात असल्यागत."

मी तिला झापलं. पण खरं सांगते, त्यानंतर मलाही त्या परड्यात मोठ्यानं बोलवेना. दुपारी भाकरी खायला आम्ही बसलो की नकळत कुजबुजायचो. भर उन्हात, माणसांनी भरलेल्या गावात, दोन बायका चटणी मागतानाही कुजबुजत होत्या.

दसऱ्यापर्यंत रोपं एकमेकींना टेकली. पांढरी, गुलाबी, आणि पांढऱ्यात लाल ठिपक्याची अशी फुलं दिसायला लागली. मला माझाच अभिमान वाटायला लागला. फक्त एका जागी काही केल्या जमेना. विहिरीच्या रहाटाजवळून कुंपणाकडे जाताना, साधारण पोतं अंथरावं एवढी जागा. तिथली रोपं पिवळी पडायची, देठाशी काळी व्हायची आणि मान टाकायची. मी उपटून दुसरी लावली. तीही गेली. तिसऱ्यांदा वरची माती बदलून लावली, तरी तेच.

काकू रोज विचारायच्या, "लागली का तिथली?"

"नाही ना. सदाफुलीला पायाशी पाणी साचलेलं चालत नाही. तहानलेली जगेल, पण पाय ओले राहिले की मेलीच. खाली काहीतरी टणक आहे, पाणी मुरत नाही. जरा खोल खणून बघायला हवं."

"खणायचं नाही!"

इतक्या जोरात त्या कधी बोलल्या नव्हत्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दुसरं काही लाव. पण माती उघडी ठेवू नकोस. दिवाळी तोंडावर आलीय."

"तिथं कोनतरी निजलंय," हौसा माझ्या कानाशी पुटपुटली. "निजल्याल्याच्या अंगावर कोन झाड लावंल?"

मला वाटलं, काकूंनी ऐकलं नसावं. पण वळून बघितलं तर त्या भिंतीला धरून उभ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मी हौसाला तिथल्या तिथं इतकं बोलले की तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवूनच गेले. खणायचं नाही तर नाही, पण मेलेली रोपं काढायला कुणाची परवानगी लागते? मी खुरप्याचं टोक नेहमीपेक्षा जरा खाली घातलं. टक् आवाज आला. दगड. बाजूला घातलं, पुन्हा टक्. मी हातानं माती सारली. दगड सपाट होता. आणखी माती सारली, तर त्याच्या अंगावर बारीक बारीक टाके लागले बोटांना. पाथरवटानं घातलेले टाके.

"अगंबाई, हा तर पाटा!" मी ओरडले. "काकू, इथं पाटा पुरलाय बघा कुणीतरी! चटणी वाटायचा पाटा! कोपरा उडालाय, पण बाकी धड आहे. काढू का वर?"

पावलं ऐकू आली.

काकू पळत येत होत्या. एवढे दिवस ज्या परड्यात त्यांनी पाय टाकला नव्हता, त्यातून, रोपं तुडवत, फुलं तुडवत, लुगड्याचा सोगा हातात धरून. ताठ कमरेनं चालणारी ती बाई धपकन मातीत बसली आणि पाट्याच्या उडालेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवायला लागली.

"कोपरा माझ्याकडूनच उडाला होता," त्या म्हणाल्या. "नवी नवरी होते. सासूबाई चिडल्या होत्या केवढ्या."

"म्हणजे तुमचाच आहे? मग इथं कसा आला?"

"काढू नकोस गं. हात नको लावूस. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून ठेवलाय तो."

मला आधी कळलंच नाही. हौसाला कळलं. तिनं तोंडावर हात घेतला आणि ती जिथं होती तिथंच खाली बसली.

मग काकू बोलल्या. माझ्याकडे न बघता, पाट्यावरची माती पदरानं पुसत पुसत.

"जयूच्या आधीची. मुलगी. बारशाची घुगरी भिजत घातली होती आदल्या दिवशी. सकाळी बघते तर अंग गार. एवढ्या तान्ह्याला अग्नी देत नाहीत, पुरतात. मामंजी आणि हे, दोघं तिला घेऊन मागच्या दारानं गेले. मी बाळंतिणीच्या खोलीत. दाराला बाहेरून कडी. मला फक्त कुदळीचा आवाज आला."

"आणि जागा?"

"जागा आईला दाखवायची नाही. मामंजींनी सगळ्यांना शपथ घातली. आईला कळलं तर ती तिथं जाऊन बसणार, रडणार, आणि मग पुढचं मूल लागत नाही म्हणे. आवाजावरून एवढंच कळलं, की परड्यात आहे. कुठं, ते नाही."

"अण्णांना नाही विचारलंत कधी?"

"शेवटच्या आजारपणातसुद्धा विचारलं. म्हटलं, आता काय राहिलंय, आता तरी सांगा. ते म्हणाले, बाबांना शब्द दिलाय. आणि भिंतीकडे तोंड केलं."

त्यांनी पाट्याच्या टाक्यांतली माती फुंकून काढली.

"सव्वा महिन्यानं मी स्वयंपाकघरात आले तर पाटा नाही. सासूबाई म्हणाल्या, फुटला. वरवंटा मात्र होता. मी म्हटलं, पाटा फुटतो आणि वरवंटा राहतो, असं कसं? पण मला सुचलंच नाही गं. जन्मभर सुचलं नाही."

"म्हणून तुम्ही परड्यात..."

"कुठं पाय द्यायचा? कुठंही दिला तरी वाटायचं, तिच्या अंगावरच दिला. रोज वाटायचं. जयू लहानपणी इथं खेळायचा, उड्या मारायचा, तर मी त्याला मारून आत न्यायची. त्याला काय माहीत! म्हणून म्हटलं, सगळंच झाकून टाकावं. सगळीकडेच फुलं असली, की कुणी कुठंच पाय देणार नाही."

मी रडले. मी सहसा रडत नाही, पण त्या दिवशी ओक्साबोक्शी, मोठ्यानं रडले, आणि काकूंनी मला हळू म्हटलं नाही. त्या मातीत महिना-दीड महिना मी उकिडवी बसले होते, तिथंच भाकरी खाल्ली होती, तिथंच हसले होते. माझ्या पायांना एकदम शहारा आला. अजूनही कुणाच्या परड्यात अनवाणी उतरले की तो येतो.

काकू उठल्या, आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात काळाभोर वरवंटा होता. दुसऱ्या हातात हळदकुंकवाचा करंडा आणि एक छोटी, पिवळी पडलेली कुंची.

आमच्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात. बाळ दगडासारखं टणक राहावं, म्हणून. काकूंनी वरवंट्याला हळदकुंकू लावलं, कुंची बांधली आणि तो पाट्यावर ठेवला. बरोबर बसला. त्या पाट्याचाच होता तो.

"द्वारका, यांना बहीण नव्हती," काकू म्हणाल्या. "त्या वेळी चुलतआत्याला बोलावलं होतं नाव ठेवायला. ती वाटेत असतानाच हे झालं. तू हो तिची आत्या."

"काकू, मी..."

"कानात सांगायचं. मग पुढं मी हाक मारायला मोकळी."

"नाव काय?"

त्यांनी माझ्या कानाला तोंड लावून सांगितलं. ते नाव त्यांनी कधी कुणाजवळ उच्चारलं नव्हतं, अण्णांजवळही नाही. मी ओणवी झाले, पाट्याला गाल टेकला. दगड उन्हानं कोमट झाला होता. मी "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. तेवढ्यात माझ्या पाठीत हलकेच एक बुक्की बसली. हौसा होती. आत्या नाव सांगते तेव्हा बायका तिच्या पाठीत बुक्क्या मारतात, ते तिनं विसरू दिलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती बुक्क्या मारत होती.

मग काकूंनी उठून सगळीकडे नजर फिरवली. तुडवलेली रोपं बघितली.

"एवढी जागा उघडीच राहू दे," त्या म्हणाल्या. "पाटा दिसू दे. झाकून झाकून दमले मी."

"बरं."

"आणि उद्या फरशा घेऊन ये. पायवाट करायची."

"कुठून कुठवर?"

"मागच्या दारापासून इथवर. पुढं न्यायची गरज नाही."

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी शेवटची शहाबादी फरशी बसवायला मी गेले, तर जयसिंग आलेला. उंच, पोट सुटलेला, हातात गाडीची किल्ली. त्याच्यामागं टेप घेऊन गवंडी. मागच्या दारातून दोघं बाहेर आले आणि परडं बघून थबकले. सगळीकडे फुलंच फुलं होती.

"आई, हे काय केलंस?" जयसिंग म्हणाला. "अगं, इथं खोल्या काढायच्या ठरल्यात ना!"

"काढ की. पण विहिरीच्या पलीकडे काढ. इकडे नको." काकूंच्या हातात ओवाळणीचं ताट होतं. "गवंड्यांना पुढं बसव, चहा दे. आणि तू बूट काढून ये. दरवर्षी भाऊबीजेला मी तुला काकांच्या मुलीकडे पाठवते ना? आज नको जाऊस."

"का?"

"तुला बहीण आहे. थोरली."

तो हसायला लागला, मग आईच्या तोंडाकडे बघून थांबला. काकूंनी त्याला तिथंच उभ्यानं सगळं सांगितलं, एखाद्या शेजाऱ्याची गोष्ट सांगावी तसं, न रडता. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मला कधी का नाही सांगितलंस?"

"काय दाखवणार होते तुला? मलाच माहीत नव्हतं, कुठं आहे ती."

जयसिंगनं गवंड्याकडे बघितलं. त्या बिचाऱ्यानं टेप कधीच गुंडाळून खिशात टाकला होता, आणि तो पुढच्या दाराकडे निघालाही होता. जयसिंगनं वाकून बूट काढले, मोजे काढले. एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर, जपून पाय टाकत तो चालत गेला आणि पाट्यासमोर मांडी घालून बसला. एवढा मोठा माणूस, पण हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

मी माझं खुरपं, पाटी उचलली. अशा वेळी बाहेरच्या माणसानं थांबू नये. घराच्या कडेनं निघून मी फाटकापाशी आले, तेव्हा मागून काकूंचा आवाज आला. गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा. त्यांनी आधी नावानं हाक मारली. मी कानात सांगितलेल्या त्या नावानं. आणि मग, सकाळी उशिरापर्यंत लोळणाऱ्या पोरीला कुठलीही आई म्हणते तशा त्या म्हणाल्या,

"ऊठ गं आता. भाऊ आलाय तुझा."